सहादेव पाळकांच्या डोक्यावर कोणाचा हात

मोरगव्हाणच्या मधून ओढा जातो आणि ओढ्याच्या दोन काठांवर दोन ख्रिस्ती देवळं आहेत. दोन्हींत येशू तोच, पवित्र शास्त्र तेच, आणि नाताळाच्या करंज्याही सारख्याच. तरी गावात कोणालाही विचारा, तो सांगेल की अलीकडचे अमेरिकनवाले आणि पलीकडचे बिशपवाले. अलीकडे पत्र्याचं देऊळ आणि पाळक. पलीकडे दगडी देऊळ आणि पाद्री. पाळकाला मंडळी निवडते, पाद्र्याला बिशप नेमतो. फार पूर्वी दोन मिशनांच्या साहेबांचं आपसांत जमलं नाही. पुढे साहेब गेले, पण ते न जमणं गावानं जपून ठेवलं.

अलीकडच्या देवळाचे पाळक सहादेव वाघचौरे १९७०च्या अखेरीस साठीला टेकले होते. अंगानं वाळके, आवाजानं दणदणीत. गळ्यात वीणा अडकवून ख्रिस्ती कीर्तनाला उभे राहिले की पलीकडच्या काठावरचे लोकही अंगणात येऊन बसत. त्यांना व्यसन एकच, चौकशीचं. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी जन्मात बैल घेतला नाही, पण कासरा धरून उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला ते विचारत, "ह्याचा बाप कुठला?" व्यापारी त्यांना ओळखून होते. उत्तर देत आणि गिऱ्हाईक म्हणून मोजत नसत.

त्या नोव्हेंबरात महाराष्ट्र धरून उत्तर हिंदुस्थानातल्या अनेक मिशनांच्या मंडळ्या नागपुरात एकत्र आल्या आणि एक चर्च झालं. अमेरिकनवाले आणि बिशपवाले आता एकाच चर्चमध्ये, आणि त्या चर्चला बिशप. मोरगव्हाणला निरोप आला तो जानेवारीत. पुढच्या महिन्यात नगरला उपासना होईल. जुने पाळक, जुने पाद्री, सगळ्यांनी यायचं. बिशप आणि इतर जण प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. जो येणार नाही त्याला नव्या चर्चमध्ये प्रभुभोजन देता येणार नाही, म्हणजे भाकर मोडून ती आणि द्राक्षरसाचा प्याला मंडळीला देता येणार नाही.

सहादेवांनी निरोप ऐकला आणि नेहमीप्रमाणे प्रश्न विचारला, "माझी दीक्षा छत्तीस साली झाली. आता पुन्हा हात कशाला?" निरोप्याला ते ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी बाजारात चहाच्या टपरीवर पलीकडचे पाद्री राधाकृष्ण साळवे भेटले. दोघांचं तसं सख्य होतं. एकमेकांच्या घरी जेवत, फक्त एकमेकांच्या देवळात भाकर मोडत नसत. शेजारच्या बाकावर गोरक्षनाथ दरंदले हा शेतकरी गोऱ्हा विकून निवांत बसला होता.

"पाद्रीबुवा, हे डोक्यावर हात ठेवनं मंजी नेमकं काय ओ?" त्यानं विचारलं.

राधाकृष्णांना शिकवायला आवडे. "येशूनं आपले प्रेषित नेमले. त्यांनी पुढच्यांच्या डोक्यावर हात ठेवले, त्या पुढच्यांनी त्यांच्या पुढच्यांच्या. बिशपामागून बिशप. मधली कडी कुठं तुटली नाही. माझ्या डोक्यावर बिशपाचा हात आहे, म्हणजे मागं मागं गेलं तर थोरल्या प्रेषिताचा, पेत्राचा."

"आमच्या नाथांवानीच की! आदिनाथानं मच्छिंद्राला दिलं, मच्छिंद्रानं गोरखाला, गोरखानं गहिनीला."

"तसंच समजा."

"आन् आमच्या ह्या पाळकबुवांचं?"

सहादेव म्हणाले, "माझ्या डोक्यावर मिशनच्या मोठ्या साहेबांचा हात आहे. त्यांच्या डोक्यावर त्यांच्या गुरुजींचा."

"त्यो कुठवर पोचतो?"

"बोस्टनपर्यंत," राधाकृष्णांनी बशीत चहा ओतत सांगितलं.

"आन् बोस्टनच्या मागं?"

"मागं समुद्र."

गोरक्षनाथ खदखदून हसला. "मग पाळकबुवा नुगरेच म्हनायचे!"

नाथपंथी मुलखात ज्याला गुरू नाही तो नुगरा. त्याच्या हातचा अंगारा कोणी कपाळाला लावत नाही. गोरक्षनाथाच्या मनात काही वाईट नव्हतं; एखाद्याला टक्कल आहे म्हणावं तसं तो म्हणाला आणि गोऱ्ह्याचा रिकामा कासरा खांद्यावर टाकून निघून गेला. शब्द मात्र सहादेवांच्या आधी मोरगव्हाणात पोहोचला. रविवारी उपासना संपल्यावर आक्काबाई नावाची म्हातारी पायरीवरच थांबली.

"बाबा, एक इचारू? माझ्या पाची लेकरांचा बाप्तिस्मा तुमच्या हातचा. त्यो पक्का का कच्चा?"

"पक्का."

"मग तुमाला पुन्यांदा भाजायला कशापायी नेत्यात?"

सहादेव तो प्रश्न घेऊन घरी आले. गुडघे टेकले तर इतकी वर्षं आपण कच्चे होतो असं आपणच कबूल केल्यासारखं. न टेकले तर भाकर मोडायचा अधिकार गेला; मग कीर्तनकार उरेल, पाळक उरणार नाही. हा पेच त्यांनी रात्रंदिवस घोळवला असता, पण स्वभाव आडवा आला. पेचाआधी त्यांना एका साध्या गोष्टीची खात्री करून घ्यावीशी वाटली. छत्तीस साली त्यांच्या डोक्यावर नेमके कोणाकोणाचे हात होते?

दीक्षा घेणाऱ्या माणसाला हे कळत नाही. त्याची मान खाली असते, डोळे मिटलेले असतात. सहादेवांना आठवत होतं ते एवढंच की दोन हात होते. एक मऊ आणि दमट, दुसरा जड, खरखरीत. प्रार्थना चालू असताना बाहेर मोटारीचा आवाज आला होता. डोळे उघडून उठले तेव्हा मोठे साहेब समोर उभे होते. जड हात साहेबांचा, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी प्रार्थना म्हणणारे श्रीमंत आढाव हयात होते. मिशनच्या शाळेत शिकवत म्हातारे झालेले हे पाळक राहुरीला नातवाकडे राहत; नातू नव्या कृषी विद्यापीठात कारकून होता. सहादेव घोडेगावाहून नगरला आणि नगरहून राहुरीला एस.टी.नं गेले. श्रीमंतराव ओट्यावर उन्हाला बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण कान शाबूत होते; त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"सहादेवा, तू? इतक्या लांब? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. विचारायला आलो. माझ्या दीक्षेला हात कोणाकोणाचे होते?"

म्हाताऱ्यानं गुडघा चोळला. "एक माझा."

"मऊ होता तो?"

"मी आयुष्यात खडूखेरीज काय उचललं? मऊच असणार."

"आणि दुसरा साहेबांचा."

"साहेबांची मोटार इमामपूरच्या घाटात बंद पडली होती. जेवणं तयार, माणसं खोळंबलेली. एकट्याच्या हातानं दीक्षा द्यायची नाही असा आपला रिवाज. मग म्हटलं, आपल्याकडे दीक्षा देते ती मंडळी, साहेब नव्हे. मंडळीनं निवडलेला सेवक हात ठेवील. दोन सेवकांपैकी एक तापानं पडलेला. दुसरा होता भीमा सकट."

भीमा सकट दोर वळायचा. मांगवाड्यातला. वाघचौरे, आढाव आणि अलीकडची बहुतेक मंडळी महारवाड्यातली.

"पण उठलो तेव्हा साहेब पुढ्यात होते."

"प्रार्थना संपता संपता पोचले ते. दारात बूट काढले, पुढं आले, तेवढ्यात तू उठलास. तू वाकून म्हणालास, आपला हात लाभला. साहेब म्हणाले, हात देवाचा. सगळ्यांना वाटलं, काय नम्र माणूस!"

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"त्या वेळी आपल्या घागरीला मांगाचा हात लागला तर आपण पाणी ओतून देत होतो, सहादेवा. ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, तरी. पाणी ओतून देता येतं. तुझ्या डोक्याचं काय केलं असतं? पुढच्या बाकांनी डोळे मिटले होते. मागच्या काहींनी पाहिलं, त्यांना मी आवरलं. भीमाला म्हटलं, बोलू नको, मंडळी फुटेल."

"मग?"

"तो बोलला नाही. वर्षाच्या आत सगळे सकट ओढ्यापलीकडं गेले. मंडळी फुटायची ती फुटलीच."

निघताना सहादेवांनी राधाकृष्णांची कडीची गोष्ट सांगून नगरच्या उपासनेचं विचारलं. श्रीमंतराव म्हणाले, "मला बोलावणं नाही, मी निवृत्त. पण एक सांगतो. त्या दिवशी साहेब वेळेवर आले असते, तरी राधाकृष्णाच्या हिशेबानं तुझी कडी तुटलेलीच. साहेबांच्या पूर्वजांनी इंग्लंडात असतानाच बिशप सोडले होते, आणि का सोडले ते मी पोरांना चाळीस वर्षं शिकवलं. बिशप लोक राजाचे झाले होते. तेव्हा साहेबासाठी रडू नको."

सहादेव रडत नव्हते. परतीच्या गाडीत ते आपल्याच टाळूवरून हात फिरवत बसले होते, आणि शेजारचा प्रवासी त्यांना डोकेदुखीवर उपाय सांगत होता.

घरी त्यांच्या पत्नी बनुबाई चुलीपुढे होत्या. सहादेवांनी कोट न काढताच बातमी सांगितली. बनुबाईंनी भाकरी उलटली.

"मला ठावं हुतं."

"तुला?"

"बायकांनी कुठं डोळे मिटले हुते? नवं लुगडं नेसून बसल्याली मी, नवऱ्याकडं बघू नको तर काय करू? भीमाबाबांनी आधी धोतराला हात पुसला, मग ठिवला. राती तुमच्या केसांत घायपाताचा धागा घावला मला."

"आणि चौतीस वर्षं बोलली नाहीस!"

"तुमी जगाला इचारता, बैलाचा बाप कोन. मला इचारलं का कधी?"

दुसऱ्या दिवशी सहादेव ओढा ओलांडून पलीकडे गेले. भीमा सकट मरून बरीच वर्षं झाली होती. त्यांची मुलगी लंकाबाई नवरा वारल्यापासून माहेरीच राहत होती आणि बापाचंच काम करत होती. दारात लिंबाला दोर बांधून ती पीळ देत होती. तिनं मान वर केली नाही.

"या पाळकबाबा. वाट चुकली का?"

"नाही. भीमाबाबांच्या हाताचं विचारायला आलो."

पीळ थांबला. "हां! इतक्या वरसांनी डोकं खाजवलं व्हय?"

"मला कालच कळलं."

"खरं?" तिनं आता त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आमाला वाटायचं, तुमाला समदं ठावं हाय आन् तुमी तोंड दाबून बसलात. बाप म्हनायचा, त्याला ठावं नसंल. आय म्हनायची, डोकं त्याचं, त्याला कसं ठावं नसंल?"

"आणखी काय म्हणायचे?"

"तुमचं कीर्तन लागलं की हितं बसून ऐकायचा. म्हनायचा, बरं बोलतंय पोरगं, पन लांबवतंय लई."

सहादेवांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "मग इकडे का आलात तुम्ही?"

"आमाला मंडळीत घ्यायला हिकडं बिशप आला हुता. समद्यांम्होरं बापाच्या डोक्यावर हात ठिवला त्यानं, माझ्या बी. उघड्यावर ठिवला, पाळकबाबा. लपवून न्हाई." तिनं पुन्हा दोर हातात घेतला. "तिकडं बापाचा हात चालला, पन नाव चाललं न्हाई."

बिशपाचा हात पेत्रापर्यंत पोहोचतो की नाही, यावर सहादेवांनी मिशनच्या शाळेत तरुणपणी निबंध लिहिला होता आणि पोहोचत नाही असं सिद्ध करून शाबासकी मिळवली होती. लंकाबाईनं सांगितलेली गोष्ट त्या निबंधात नव्हती.

परतताना दगडी देवळाच्या पायरीवर राधाकृष्ण भेटले. सहादेवांनी त्यांना सगळं सांगितलं. मग विचारलं, "माझं राहू द्या. तुमच्या डोक्यावर तर पेत्राचा हात. तुम्हाला कशाला नेतात?"

राधाकृष्णांनी चष्मा काढून पुसला. "तेच आमचे लोक विचारतात. पहिली दीक्षा खरी, तर दुसरी कशाला? आणि दुसरी घेतली, तर पहिली खोटी होती काय? त्यात प्रत्येकाच्या डोक्यावर बिशपासोबत दुसऱ्या मिशनांच्या पाळकांचेही हात असणार. आमच्या मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, नुगऱ्यांचे हात आमच्या पाद्र्याच्या डोक्यावर?"

"म्हणजे तुमचाही बैल अडलाय."

"चिखलात," राधाकृष्ण म्हणाले. "तुम्ही जाणार?"

"अजून ठरलं नाही."

ठरलं ते रविवारी. उपदेशाच्या वेळी सहादेवांनी वचन वाचलं नाही. छत्तीस साली माझ्या डोक्यावर साहेबांचा हात नव्हता, एवढं सांगून त्यांनी भीमा सकटांचं नाव घेतलं. राहुरीला काय ऐकलं, लंकाबाई काय म्हणाल्या, तेही सांगितलं. मग पुढच्या बाकावरून काकासाहेब उठले. मंडळीतले पुढारी, सहादेवांपेक्षा वयानं मोठे.

"पाळकसाहेब, झालं गेलं. आता कशाला उकरायचं? बिशपांच्या कानावर गेलं तर?"

"जाऊ द्या."

"मग तुमची दीक्षा खरी का खोटी?"

"खरी. ज्यांनी दिली त्यांचं नाव आपण चोरलं, एवढंच त्यात खोटं होतं. मी नगरला जाणार. पहिली कच्ची होती म्हणून नाही. यंदा हात कोणाचे ते सगळ्यांच्या देखत होणार आहे म्हणून."

आक्काबाई मागून म्हणाली, "मंजी माझी लेकरं पक्कीच." तिच्यापुरता विषय संपला. काकासाहेबांचा संपला नव्हता. ते उपासना संपायच्या आत पायताण घालून निघून गेले.

नगरच्या उपासनेला जिल्हाभरातले पाळक आणि पाद्री आले होते. काही झग्यात, काही कोटात, एक जण फेट्यात. सहादेवांनी आधीच चौकशी करून घेतली. आपल्या डोक्यावर बिशपांबरोबर कोण हात ठेवणार हे त्यांनी शोधून काढलं आणि दोघांनाही नाव, गाव आणि त्यांना दीक्षा कोणी दिली ते विचारलं. एकानं आनंदानं सांगितलं. दुसरा म्हणाला, "तुम्ही पोलिसात होता काय?"

आधी बिशप स्वतः गुडघ्यांवर बसले आणि वेगवेगळ्या जुन्या मंडळ्यांच्या पाळकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवले. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. मग एकेक जण पुढे जाऊ लागला. प्रार्थनेत, हे प्रभू, ह्या तुझ्या सेवकाला जे उणं असेल ते तू दे, अशा अर्थाचं मागणं होतं. सहादेवांची पाळी आली. ते उठून बाजूला होतात तोच त्यांना थांबवण्यात आलं. पुढच्या माणसासाठी अमेरिकनवाल्यांपैकी एकाचा हात हवा होता. पुढचा माणूस राधाकृष्ण साळवे. पेत्रापर्यंतची कडी असलेल्या त्या डोक्यावर सहादेवांनी हात ठेवला. केसांना खोबरेल होतं.

परतीच्या एस.टी.त दोघे शेजारी बसले. जेऊर मागं पडलं. शेवटी सहादेवांनी विचारलं, "काही वाटलं?"

"गुडघे दुखले. तुम्हाला?"

"मलाही गुडघेच. एक विचारतो. कोणाला काय उणं होतं ते प्रार्थनेत सांगितलंच नाही."

"म्हणून तर सगळे बसले," राधाकृष्ण म्हणाले. "सांगितलं असतं तर निम्मे उठून गेले असते. मी पहिला."

मार्चच्या पहिल्या रविवारी मोरगव्हाणात दोन्ही मंडळ्यांची एकत्र उपासना ठरली, पत्र्याच्या देवळात. भाकर मोडायची सहादेवांनी. प्याल्याबद्दल आधी वाद झाला. अलीकडे प्रत्येकाला छोटा वेगळा पेला देण्याची पद्धत, पलीकडे सगळ्यांना मिळून एकच प्याला. यजमान अलीकडचे, म्हणून पद्धत पाहुण्यांची, एकच प्याला, असं सहादेवांनीच सुचवलं. पलीकडचे बरेच जण आले आणि डाव्या बाजूला बसले. गीत झालं, उपदेश झाला. सहादेवांनी तो आखूड ठेवला.

मग त्यांनी भाकर मोडली आणि लोकांना पुढे बोलावलं. उजवीकडचे उठायची तयारी करत होते, पण पाहुण्यांआधी उठणं बरं दिसत नाही म्हणून थांबले. डावीकडचं कोणी उठलं नाही. बिशपांनी हात ठेवला हे सगळ्यांना माहीत होतं; राधाकृष्णांनी तसं दोनदा सांगितलं होतं. तरी या माणसाच्या हातून आजवर त्यांनी कधी घेतलं नव्हतं. सहादेव ताट धरून उभे राहिले. राधाकृष्ण स्वतः उठणार तेवढ्यात बायकांच्या बाजूनं लंकाबाई उठली. पदर सारखा करत ती सरळ पुढे आली आणि दोन्ही हात पसरले.

सहादेवांनी तुकडा ठेवला. तिनं तो पाहिला.

"मोठा द्या की, पाळकबाबा. माझ्या बापानं हात आखडला हुता का?"

बायकांत हसू फुटलं. सहादेवांनी आणखी एक तुकडा मोडून दिला. मग राधाकृष्ण उठले, आणि त्यांच्यामागे डावी बाजू उठली. सगळी नाही. पलीकडचे दोघे म्हातारे बसून राहिले, आणि पुढेही त्यांनी राधाकृष्णांखेरीज कोणाच्या हातून घेतलं नाही.

लंकाबाई प्याल्याला ओठ लावून बाजूला झाली. डावीकडची रांग संपल्यावर उजवीकडून पहिले आले ते काकासाहेब. त्या रविवारनंतर ते सहादेवांशी बोलले नव्हते, पण आले होते. त्यांनी भाकर घेतली. प्याला पुढे आला. लंकाबाईचे ओठ लागलेला तो प्याला त्यांनी पाहिला, मग सहादेवांकडे पाहिलं. सहादेवांनी प्याला पुढेही रेटला नाही आणि मागेही घेतला नाही. काकासाहेबांनी हातातल्या तुकड्याचं टोक द्राक्षरसात बुडवलं, तोंडात टाकलं आणि जागेवर जाऊन बसले.

त्यांच्या मागच्यानं ते पाहिलं होतं, त्यानंही बुडवलं. त्याच्या मागे आक्काबाई होती. तिनं दोन्ही हातांनी प्याला धरला आणि घोट घेतला. प्रत्येकानंतर पुसत होते तशी सहादेवांनी कडा पुसली आणि पुढच्याकडे वळले.